बदललेल्या गुडघ्यात जंतू बसलेत, हे बाहेरून कळणार कसं?

दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी येते: शरीरात बसवलेल्या कृत्रिम सांध्यात इन्फेक्शन झालं, तर नॅनो सेन्सर ते लगेच ओळखणार. बातमी फॅमिली ग्रुपवर फिरते आणि ज्यांच्या घरी कुणाच्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे ते विचारतात, ‘आपल्याकडे मिळतं का हे?’

प्रश्न रास्त आहे. २००० साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तेव्हा ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली. आता तर सोसायटीच्या बाकावर बसलेल्या ज्येष्ठांमध्ये कुणी ना कुणी ‘वाटी बदललेलं’ सापडतंच. त्याशिवाय मांडीच्या हाडात टाकलेला रॉड, मनगटातली प्लेट आणि स्क्रू, पेसमेकर, हृदयाची कृत्रिम झडप, दाताचं इम्प्लांट, लघवीची नळी. बाहेरून आणून शरीरात ठेवलेली वस्तू म्हणजे इम्प्लांट, असं ढोबळ मानलं तर ही सगळी मंडळी एकाच यादीत येतात. नळी काही कायमची नसते, पण जंतूंना त्याने फरक पडत नाही.

गुडघ्यापुरतं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही, अजून मिळत नाही. का मिळत नाही, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण अडचण बातमीत सांगतात तिथे नसून भलतीकडेच आहे.

## आधी भीती मापात ठेवू

गुडघा किंवा खुबा पहिल्यांदा बदलल्यावर इन्फेक्शन होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन असतं. एकदा बदललेला सांधा काढून पुन्हा बदलावा लागला, तर ते वाढतं. म्हणजे बहुतेकांचं सगळं सुरळीत पार पडतं. पण ज्याला होतं त्याचे हाल मोठे. अनेकदा बसवलेला सांधा काढावा लागतो, त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा (सांधा हाडात पक्का बसवायला वापरतात ते) तात्पुरता ठोकळा ठेवतात, काही आठवडे औषधं देतात आणि मग नवा सांधा बसवतात. दोन मोठी ऑपरेशनं आणि मधले कित्येक आठवडे धड चालता न येणं. घरातल्या कमावत्या माणसाची रजा आणि साठवलेले पैसे यातच जातात.

## जंतूंना धातूच का मानवतो?

१९५७ साली एलेक आणि कोनेन या दोन संशोधकांनी इंग्लंडमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आजच्या नीतिसमित्या त्याला परवानगी देतील की नाही, शंकाच आहे. त्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू टोचले आणि पू धरायला किती जंतू लागतात ते पाहिलं. नुसत्या त्वचेत काही दशलक्ष जंतू सोडावे लागले. तिथे रेशमी टाक्याचा धागा असला, तर मात्र काहीशे जंतू पुरले.

एका धाग्याने एवढा फरक पडण्याचं कारण आपल्या संरक्षणव्यवस्थेत आहे. जंतू गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी परक्या वस्तूलाही गिळायला जातात, ती काही गिळली जात नाही, आणि त्या खटपटीत त्या निकामी होतात. धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे रक्तातून येणाऱ्या पेशी आणि औषधं पृष्ठभागापर्यंत नीट पोचत नाहीत. इम्प्लांट बसवल्यावर शरीराच्या पेशी आणि जंतू यांच्यात त्या पृष्ठभागासाठी शर्यत लागते, असं अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकी डॉक्टरांनी १९८७ साली मांडलं. शरीराच्या पेशी आधी पोचल्या तर हाड धातूला धरतं. जंतू आधी पोचले तर ते तिथे ठाण मांडतात.

ठाण मांडतात म्हणजे काय करतात? स्वतःभोवती साखरेसारखे पदार्थ, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट थर तयार करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीला हाताला लागतो तो बुळबुळीतपणा म्हणजे बायोफिल्मच, आणि सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला जाणवतं ते किटणही बायोफिल्मच. दात ब्रशने घासता येतात. गुडघ्याच्या आत ब्रश घालायची सोय नाही.

या थरातले जंतू मोकळ्या जंतूंपेक्षा शेकडो, कधी हजार पट जास्त औषध सहन करतात. थरामुळे औषध अडतं हे एक कारण झालं. दुसरं जास्त त्रासदायक आहे: आतले काही जंतू जवळजवळ झोपी जातात. बहुतेक अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जंतूवर घाव घालतात. जो वाढतच नाही, त्याच्यावर घाव कुठे घालणार? हा झोपलेला जंतू लक्षात ठेवा, तो पुढे सेन्सरवाल्यांनाही छळणार आहे.

## मग आज डॉक्टर कसं ओळखतात?

रक्तात सीआरपी आणि ईएसआर बघतात. शरीरात कुठेही दाह असला की हे दोन्ही आकडे वाढतात. पण ऑपरेशननंतर ते तसेही वाढलेलेच असतात. सीआरपी काही आठवड्यांत उतरतो, ईएसआर उतरायला महिने लागतात. संधिवात असेल तर ते एरवीही चढे असतात. उलट बाजूने, जंतू सौम्य जातीचे असतील तर आत इन्फेक्शन असूनही सीआरपी नॉर्मल येऊ शकतो.

म्हणून पुढची पायरी म्हणजे सांध्यात सुई घालून पाणी काढणं. त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात आणि उरलेलं कल्चरला पाठवतात. जंतूंना खाद्य देऊन, ऊब देऊन ते वाढतात का याची वाट बघणं म्हणजे कल्चर. नेहमीचे जंतू दोन-तीन दिवसांत दिसतात. खांद्याच्या सांध्यात सापडणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू इतका संथ की त्याच्यासाठी कल्चर चौदा दिवसांपर्यंत ठेवावं लागतं. आणि मुळात जंतू पाण्यात तरंगत नसून धातूला चिकटलेले असतात, त्यामुळे सुईत येतातच असं नाही.

हे चिकटलेले जंतू सोडवायची एक युक्ती आहे, पण ती इम्प्लांट काढल्यानंतरची. काढलेला धातूचा तुकडा निर्जंतुक द्रावणाच्या डब्यात ठेवतात, डबा जोरात हलवतात, मग कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी काही मिनिटं त्यातून सोडतात. धातूवरचा थर सुटून द्रावणात येतो आणि त्या द्रावणाचं कल्चर करतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ३३१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, नेहमीच्या पद्धतीने म्हणजे सांध्याभोवतालच्या मांसाच्या तुकड्यांच्या कल्चरने सुमारे ६१ टक्के इन्फेक्शनं सापडली. ध्वनिलहरींच्या पद्धतीने सुमारे ७९ टक्के. सुधारणा चांगलीच आहे, पण सांधा बाहेर काढून झाल्यावर कळलेलं निदान रुग्णाला तो सांधा वाचवायला उपयोगी पडत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. लक्षणं सुरू होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील, तर सांधा उघडून, धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून आणि औषधं देऊन मूळ धातू आत ठेवता येण्याची शक्यता बरी असते. त्यानंतर थर पिकत जातो आणि ती वाट बंद होत जाते. जंतू आहेत हे आज ना उद्या कळतंच. ते या दोन-तीन आठवड्यांच्या आत कळायला हवं, इतकंच मागणं आहे.

## बंद फ्लॅटमध्ये कुणी राहतंय का?

आपल्या इमारतीत एक फ्लॅट बंद आहे आणि आत चोरून कुणी राहत असल्याचा संशय आहे, असं समजा. दार फोडून बघणं म्हणजे ऑपरेशन. बेल वाजवून कुणी येतंय का याची वाट बघणं म्हणजे कल्चर. पण सोसायटीचा मुरलेला वॉचमन वेगळंच करेल. तो खाली जाऊन त्या फ्लॅटचं विजेचं मीटर बघेल. फिरतंय का? सांडपाण्याच्या पाइपमधून पाणी उतरतंय का?

नॅनो सेन्सरवाले जवळजवळ सगळे हेच करतात. जंतू प्रत्यक्ष दिसण्याची वाट न बघता ते त्याच्या राहण्याच्या खुणा शोधतात. जंतू साखर पचवून आम्ल सोडतो, त्यामुळे आसपासचा सामू म्हणजे पीएच उतरतो. काही जंतू पेशींची आवरणं फोडणारी विषं सोडतात. जंतू धातूवर पसरले की त्या पृष्ठभागातून वीज वाहण्याची पद्धत बदलते.

फक्त हे मीटर इमारतीच्या खाली असून चालत नाही. रक्तात उतरलेला आकडा म्हणजे अख्ख्या इमारतीचं एकत्र बिल. त्यात एका फ्लॅटचा वापर लपून जातो. मीटर त्या फ्लॅटच्या दारावर, म्हणजे इम्प्लांटच्या पृष्ठभागावरच हवं. नॅनोचं काम इथून सुरू होतं.

## नॅनो म्हणजे किती, आणि इतकं लहान कशाला?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. स्टॅफिलोकॉकस जंतू साधारण एक हजार नॅनोमीटरचा. सेन्सरमध्ये वापरतात ते सोन्याचे कण ४० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे एका जंतूच्या रुंदीत असे पंचवीस कण ओळीने बसतील.

लहान केल्याने दोन गोष्टी साधतात. पहिली पृष्ठभागाची. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या ठोकळ्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. तोच ठोकळा दहा नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे सुमारे साडेसहा हजार चौरस फूट. पदार्थ तेवढाच, पण जंतूने सोडलेला रेणू अडकायला जागा एवढी वाढली.

दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थाचे गुणच बदलतात. सोन्याचे कण इतके बारीक झाले की द्रावण माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली लंडनमध्ये हे द्रावण बनवून त्याचा अभ्यास केला होता. हेच कण एकमेकांजवळ येऊन गोळा झाले की रंग निळसर-जांभळा होतो. म्हणजे कणांवर असं काही चिकटवलं, की जंतूची खूण भेटली तरच ते एकत्र येतील, तर यंत्राशिवाय नुसत्या डोळ्यांनी उत्तर मिळतं. हे तंत्र तुम्ही हाताळलेलं असण्याची दाट शक्यता आहे. कोविडच्या घरगुती किटमध्ये किंवा प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर जी लालसर रेघ उमटते, ती बहुतेक किटमध्ये सोन्याच्या अशाच कणांची असते. नॅनो तंत्रज्ञान मेडिकलच्या दुकानात येऊन कित्येक वर्षं झाली, फक्त डब्यावर तसं लिहिलेलं नसतं.

## प्रयोगशाळेत नेमकं काय चाललंय?

मला यातलं सगळ्यात देखणं काम इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचं वाटतं. तिथल्या टोबी जेंकिन्स यांच्या गटाने भाजलेल्या मुलांसाठी पट्टी तयार केली. भाजलेल्या मुलाची पट्टी काढून बघणं हीच एक शिक्षा असते, आणि इन्फेक्शन नसताना नुसत्या संशयावर अँटिबायोटिक देणंही बरं नाही. म्हणून पट्टीत नॅनो आकाराच्या, चरबीच्या पातळ आवरणाच्या पिशव्या ठेवल्या आणि त्यात चमकणारा रंग ठासून भरला. रंग दाट कोंडलेला असताना चमकत नाही, हा त्या रंगाचा गुण. रोगकारक जंतू पेशींची आवरणं फोडायला विष सोडतो. त्याला ही पिशवी पेशीसारखीच वाटते. पिशवी फुटते, रंग पसरतो, पातळ होतो आणि अतिनील दिव्याखाली हिरवा चमकू लागतो. त्वचेवर सुखाने राहणारे निरुपद्रवी जंतू असं विष सोडत नाहीत, त्यामुळे ते असले तरी पिशवी शाबूत राहते. नुसतं ‘कुणी आहे का’ एवढंच ही पट्टी सांगत नाही, आत आहे तो उपद्रवी आहे का तेही सांगते.

त्याच विद्यापीठात लघवीच्या नळीसाठीही लेप तयार झाला आहे. प्रोटिअस नावाचा जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतो, सामू वाढतो, क्षार साचतात आणि नळी तुंबते. सामू वाढला की लेपाचा वरचा थर विरघळून आतला रंग लघवीच्या पिशवीत उतरतो. प्रयोगशाळेतल्या मॉडेलमध्ये नळी तुंबायच्या कित्येक तास आधी हा इशारा मिळाला.

पट्टी आणि नळीचं एक बरं आहे: त्या बाहेरून दिसतात. मांसाखाली दोन-तीन इंच दडलेल्या प्लेटवर रंग बदलला, तर तो बघणार कोण? मांसातून प्रकाश आला तरी तो इतका विखुरतो की नेमका कुठून आला ते कळत नाही. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जेफ्री अँकर यांच्या गटाने यावर काढलेली तोड हुशारीची आहे. प्लेटवर ते दोन पातळ थर देतात. खालच्या थरात एक्स-रे पडला की चमकणारे बारीक कण. वरच्या थरात सामूप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य. मग एक्स-रेचा अगदी बारीक झोत प्लेटवर एकेका बिंदूवरून सरकवत नेतात. ज्या बिंदूवर झोत पडला तेवढाच बिंदू चमकतो, त्याचा प्रकाश वरच्या थरातून गाळून बाहेर येतो, आणि त्या प्रकाशाच्या रंगावरून तिथलं आम्ल कळतं. बाहेर येताना प्रकाश विखुरला तरी बिघडत नाही, कारण झोत कुठे मारला ते आपल्याला माहीतच असतं. बॅटरी नको, वायर नको. शवांवर आणि प्राण्यांवर हे करून पाहिलं आहे. यातले कण नेहमीच नॅनो मापाचे नसतात, थोडे मोठेही असतात, पण बातमीच्या मथळ्याला तेवढी चिकित्सा परवडत नाही.

विजेच्या वाटेने जाणारेही आहेत. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये टायटॅनियमवर कार्बनच्या नॅनो नळ्या वाढवल्या आणि त्यावर हाड धरतंय का हे विजेच्या संकेतावरून ओळखता येतं, असं दाखवलं. धातूवर हाड बसलंय, नुसती चिवट ऊती बसलीय की जंतू, हे त्याच मार्गाने ओळखता यावं ही पुढची आशा.

या सगळ्यांत रुग्णालयापर्यंत पोचलेलं उदाहरण हवं असेल तर ते रक्ततपासणीचं आहे. टी-टू नावाच्या तपासणीत लोहाचे चुंबकीय नॅनो कण वापरतात. रक्तातल्या ठरावीक पाच जंतूंसाठीच्या तिच्या किटला एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये परवानगी दिली, आणि कल्चरला दिवस लागतात तिथे ती काही तासांत उत्तर देते. पण ती रक्तातले जंतू शोधते. सांध्याला चिकटून बसलेला जंतू रक्तात येतोच असं नाही.

## ‘शोधत कशाला बसता, आधीच मारून टाका ना’

तेही करतात. सांधा बसवायच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक मिसळायची पद्धत जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये १९७० च्या सुमारास सुरू झाली आणि आजही वापरात आहे. हाडाच्या कॅन्सरनंतर बसवतात त्या मोठ्या इम्प्लांटवर चांदीचा लेप दिलेलेही मिळतात. पण सिमेंटमधलं बरंचसं औषध पहिल्या काही दिवसांत झिरपून जातं. मागे उरतं ते थोडंथोडं, जे जंतूला मारायला अपुरं आणि सवय लावायला पुरेसं. आणि काही इन्फेक्शनं पाच-दहा वर्षांनी येतात: पायाची जखम चिघळते, जंतू रक्तातून प्रवास करत धातूपर्यंत पोचतात. तोवर औषध केव्हाच संपलेलं असतं.

हाच आक्षेप सेन्सरवर उलटतो, हे मान्य करायला हवं. शस्त्रक्रियेनंतर काही मिनिटांतच रक्तातली प्रथिनं इम्प्लांटवर बसू लागतात आणि सेन्सर झाकोळतो. वर डॉक्टर सांध्याचे भाग हातोडीने ठोकून बसवतात. त्या ठोक्यांत नाजूक थर टिकला पाहिजे आणि पुढे पंधरा-वीस वर्षं चालला पाहिजे.

## नॅनो कण शरीरात सुटले तर?

भीती अनाठायी नाही. एएसआर नावाचं धातूवर धातू घासणारं खुब्याचं इम्प्लांट २०१० मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. भारतातही ते अनेकांना बसवलेलं होतं आणि भरपाईचा प्रश्न पुढे केंद्र सरकारच्या समितीपर्यंत गेला. तिथे अडचण झाली ती कोबाल्ट-क्रोमियम झिजून सुटलेल्या कणांची, आणि अशा घर्षणातून निघणारे बहुतेक कण शंभर नॅनोमीटरपेक्षाही बारीक असतात. म्हणजे न बोलावता आलेल्या नॅनो कणांचा अनुभव अस्थिरोगतज्ज्ञांना आधीच आहे. म्हणून घासणाऱ्या भागावर सेन्सर नको, तो हलत नाही अशा जागी हवा आणि कण थरात पक्के रुतलेले हवेत. कार्बनच्या नळ्यांबाबत तर जास्तच सावध राहायला हवं. लांब, ताठ प्रकारच्या नळ्यांनी प्राण्यांमध्ये ॲस्बेस्टॉससारखी इजा केल्याचं दिसलं आहे.

## सगळ्यात अवघड प्रश्न: खोटा इशारा

हा मुद्दा बातम्यांत जवळजवळ कधीच नसतो, म्हणून इथे थांबू.

समजा, सेन्सर तयार झाला आणि तो फार चांगला आहे. इन्फेक्शन असलेल्या शंभरातल्या ९५ जणांना तो पकडतो, आणि इन्फेक्शन नसलेल्या शंभरातल्या ९५ जणांना बरोबर ‘काही नाही’ सांगतो. हा सेन्सर एक हजार लोकांच्या गुडघ्यात बसवला. शंभरात एक या हिशेबाने त्यातल्या दहा जणांना इन्फेक्शन आहे. सेन्सर त्यातल्या नऊ-दहा जणांना पकडेल. उत्तम. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी पाच टक्के, म्हणजे जवळजवळ पन्नास जणांनाही तो इशारा देईल. एकूण साठेक इशाऱ्यांपैकी पन्नास खोटे.

आणि हे एकदाच मोजल्यावर. आत बसलेला सेन्सर रोज मोजणार.

आता त्या पन्नास घरांचा विचार करा. फोनवर लाल खूण आली. आजी ठणठणीत चालताहेत. डॉक्टर काय करणार? सुई घालून पाणी काढणार, आणि ते कल्चरला जाणार, म्हणजे पुन्हा वाट बघणं आलं. उघडून बघितलं तर निरोगी सांध्यात जंतू शिरायची वाट आपणच केली. खोटा इशारा का येतो, तेही मीटरवरून समजतं: फ्लॅटमध्ये कुणी नसतानाही फ्रिज चालू राहिला असेल तर मीटर फिरतंच. जंतू नसताना नुसत्या दाहानेही ऊतीतलं आम्ल वाढू शकतं. आणि झोपलेला जंतू म्हणजे दिवा न लावता, नळ न सोडता अंधारात बसून राहणारा माणूस. त्याच्यासाठी मीटर हलतच नाही.

म्हणूनच एकाच खुणेवर विसंबणारा सेन्सर टिकेल असं मला वाटत नाही. आम्ल, विष आणि वीज यातल्या दोन-तीन खुणा एकदम जुळल्या तरच इशारा, आणि इशारा आला तर ऑपरेशनच्या आधी सुईची तपासणी, अशी शिडी लागेल. बाथच्या पट्टीत चुकीच्या इशाऱ्याची किंमत फार तर एक पट्टी. गुडघ्यात ती किंमत एक ऑपरेशन असू शकते. त्यामुळे हे तंत्रज्ञान आधी पट्ट्या, लघवीच्या नळ्या, जखमेतलं पाणी बाहेर काढणारे ड्रेन यांत येईल आणि गुडघ्यात सगळ्यात शेवटी, असा माझा अंदाज आहे.

## ‘पण स्मार्ट गुडघा तर आलाय ना?’

आलाय. पर्सोना आयक्यू नावाच्या गुडघ्याला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये परवानगी दिली. त्याच्या नडगीत जाणाऱ्या दांड्यात बॅटरी आणि सेन्सर आहेत. माणूस किती पावलं चालला, किती वेगाने चालला, गुडघा किती वाकला हे तो कळवतो. तो जंतू ओळखत नाही. तरी त्याचं महत्त्व आहे: सांध्यात इलेक्ट्रॉनिक्स वर्षानुवर्षं ठेवता येतं, हे मान्य झालं.

भारतात अशा वस्तूला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवानगी घ्यावी लागेल, आणि शरीरात राहणारी वस्तू जास्त जोखमीच्या वर्गात मोडते. दुसरीकडे त्याच वर्षी सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना कमाल मर्यादा घातली; सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरले होते. रुग्णाच्या दृष्टीने तो निर्णय मोलाचा होता. पण सेन्सर लावलेला गुडघा आला तर तो याच मर्यादेत बसवायचा की वेगळा धरायचा, आणि वरचे पैसे विमा देणार की मुलगा, ही चर्चा तेव्हा सुरू होईल.

## तोवर वाटी बदललेल्यांनी काय करायचं?

सेन्सर नसला तरी वेळ हातातून जाऊ न देणं बरंचसं आपल्या हातात आहे. बरा होत आलेला सांधा पुन्हा दुखू लागला, रात्रीही ठणका लागला, सांधा गरम आणि लाल झाला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न बघता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. ताप असेलच असं नाही. कित्येक सांध्यांची एकमेव तक्रार ‘दुखणं जात नाही’ एवढीच असते.

आणि त्याआधी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. हा नुसता शिस्तीचा मुद्दा नाही. मेयो क्लिनिकच्या त्याच अभ्यासात, ऑपरेशनआधीच्या चौदा दिवसांत अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांमध्ये नेहमीच्या कल्चरने इन्फेक्शन सापडण्याचं प्रमाण ६१ वरून ४५ टक्क्यांवर घसरलं होतं. चार गोळ्यांनी थरातले जंतू मरत नाहीत. ते फक्त कल्चरमध्ये दिसेनासे होतात, आणि कुठलं औषध द्यायचं हे डॉक्टरांना कळत नाही. सुईने पाणी काढून झालं की मग औषध. अंगात भिनलेला जंतुदोष आणि खालावणारी तब्येत असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, पण तो निर्णय त्यांचा.

ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असतात. त्याची एक प्रत मागून घ्या आणि घरच्या फाइलमध्ये ठेवा. कुठल्या कंपनीचा कुठला भाग आत आहे, हे पंधरा वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना त्यावरूनच कळेल.